बूटपॉलिश, वाम मासा आणि पाणी: कँटोनीज भाषेतील खोट्या कौतुकाचे शब्द

मागील अंकात याच सदरात मी हाँगकाँगच्या भाजीबाजारातील 'लेंग नोय' या हाकेविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. या शब्दांचा अर्थ 'सुंदर मुलगी' असा असून, तेथील विक्रेता वीस वर्षांच्या तरुणीला आणि सत्तरीच्या आजींना सारख्याच सहजतेने ही हाक मारतो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने विचारली आहे: जे कौतुक मनापासून केलेले नाही हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात, त्याला हाँगकाँगमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत काय म्हणतात? त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत.

उच्चारांविषयी एक खुलासा आधीच करते. हे शब्द इंग्रजी लिपीत वाचले तर 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांची गल्लत होते, कारण इंग्रजी लिपीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत. देवनागरीत ती आहेत, आणि कँटोनीज भाषेलाही नेमका हाच भेद लागतो. पुढील शब्दांतील 'च' आपल्या 'चटणी'तला आहे, 'चहा'तला नव्हे. या भाषेचे ६ सूर (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) मात्र आपल्या लिपीत उतरत नाहीत, त्यामुळे येथे वाचलेला शब्द तेथील माणसासमोर वापरण्यापूर्वी एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकून घ्यावा, हे बरे.

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा असून काही महिन्यांपासून हाँगकाँगमधील एका कंपनीत नोकरी करतो. मागच्या आठवड्यात एका बैठकीत आमच्या विभागप्रमुखांनी कामाच्या नव्या वेळापत्रकाची कल्पना मांडली. ती मला खरोखरच आवडली आणि मी तसे बोलून दाखवले. तेव्हा शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने वाकून स्वतःच्या बुटावरून फडके फिरवल्यासारखा हात दोनदा पुढेमागे केला आणि 'छात हाय' असे काहीतरी म्हटले. सगळे हसले, विभागप्रमुखही हसले. हा अपमान समजावा का? आणि मी खरे तेच बोललो होतो, हे त्यांना कसे पटवून द्यावे? (एक वाचक, हाँगकाँग)

उत्तर: 'छात' म्हणजे घासणे किंवा पुसणे आणि 'हाय' म्हणजे बूट. 'छात हाय' म्हणजे शब्दशः बूटपॉलिश करणे, आणि व्यवहारात वरिष्ठांची खुशामत करणे. असे करणाऱ्याला 'छात हाय चै', म्हणजे बूटपॉलिशवाला पोऱ्या, असे म्हणतात. तुमच्या सहकाऱ्याने शब्द उच्चारला आणि त्याचा अभिनयही करून दाखवला, म्हणजे तुमच्यावर मेहनतच घेतली म्हणायची.

तुम्ही हाँगकाँगमध्येच आहात, तर एखाद्या दुपारी सेंट्रल भागातील थिएटर लेन या चिंचोळ्या गल्लीत जाऊन या. बँका आणि कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी बूटपॉलिशवाल्यांनी बसण्याची ही जुनी जागा आहे. मी तिथे पहिल्यांदा थांबले तेव्हा एक साहेब खुर्चीत बसून फोनवर काही वाचत होते आणि त्यांचा एक पाय लाकडी पेटीवर टेकलेला होता. पॉलिशवाला खाली बुटक्या स्टुलावर मान वाकवून बसला होता, दोन्ही हातांत ताणलेले फडके बुटाच्या चवड्यावरून सपासप फिरत होते, आणि इतक्या वेळात दोघांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. काम संपल्याची खूण म्हणून त्याने पेटीवर ब्रश टकटक वाजवला. साहेबांनी पाय बदलला. खुशामतीला हा शब्द का मिळाला, हे त्या टकटकीतून मला जितके कळले तितके कोणत्याही कोशातून कळले नसते. खऱ्या पॉलिशवाल्यावर मात्र या शब्दाने अन्याय केला आहे, कारण त्याच्या कामात खोटेपणा काहीच नसतो. बूट खरोखरच चकाकतात.

याच अर्थाचा आणखी एक शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या तोंडी अधिक आढळतो. 'थॉक ताय क्योक' म्हणजे मोठा पाय उचलून धरणे. आपल्याकडे खंडोबाच्या विधीतून आलेला 'तळी उचलणे' हा प्रयोग अर्थाने याच्या जवळ जातो, पण आपली तळी देवाच्या नावाने उचलली जाते आणि तेथे उचलला जातो तो साहेबाचा पाय.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे वळू. आपण बोललो ते खरे होते, हे पटले की प्रश्न मिटेल, असे तुम्हाला वाटते आहे. माझ्या मते तसे होणार नाही. 'छात हाय' या शब्दाला तुमचे म्हणणे खरे की खोटे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. कौतुक कोणत्या दिशेने चालले आहे, एवढेच तो पाहतो. ज्याच्या हातात तुमची बढती आहे, त्याचे कौतुक चारचौघांत आणि त्याच्या तोंडावर केले, की ते पॉलिश ठरते, मग बूट मुळातच चकचकीत का असेनात. तेच वाक्य तुम्ही लिफ्टमध्ये सहकाऱ्यापाशी बोलला असता, तर ते साधे मत ठरले असते. म्हणून आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. तो पॉलिशचा दुसरा हात ठरेल.

त्याऐवजी तेथील लोक काय करतात, ते पाहा. या क्रियापदाची फोड करून मध्ये माणूस घालता येतो: 'म है छात नेय हाय', म्हणजे 'मी काही तुझे बूट पुसत नाही, पण...' असे आधी म्हणायचे आणि मग कौतुक करायचे. आरोप होण्याआधीच तो स्वतःच्या तोंडाने उच्चारून टाकण्याची ही पद्धत मला फार आवडते. वाक्य मोडकेतोडके उच्चारले तरी चालेल, लोक हसतील आणि तुमचे म्हणणेही ऐकून घेतील. किंवा सरळ तपशिलात शिरा. 'कल्पना छान आहे' यापेक्षा 'या वेळापत्रकामुळे गुरुवारची धावपळ वाचेल, फक्त महिनाअखेरीस काय करायचे?' असे विचारले, तर कौतुकही होते आणि हातात फडके दिसत नाही.

अपमान मात्र समजू नका. ज्याच्याविषयी खरोखर तसा संशय असतो, त्याच्या समोर हा शब्द सहसा उच्चारला जात नाही, तो पाठीमागे वापरतात. तुमच्यासमोर बुटावरून हात फिरवला, विभागप्रमुखांनाही हसू आले, याचा अर्थ त्यांनी तुम्हाला थट्टा करण्याइतके आपले मानले आहे. पुढच्या खेपेस त्या सहकाऱ्याने साहेबांचे कौतुक केले, की तुम्हीही खुशाल वाका आणि हात फिरवा.

जाता जाता आपल्या शब्दांकडेही पाहा. आपण लोणी लावतो, मस्का लावतो, गूळ लावतो. सगळा स्वयंपाकघरातला माल. कँटोनीज माणूस पुसतो आणि उचलतो. ती गड्याची कामे आहेत. आपण ज्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, तो पडणार हे ठरलेले असते, म्हणजे हसे होते ते फुशारून जाणाऱ्याचे. 'छात हाय'मध्ये हसे होते ते पुसणाऱ्याचे. ('थुंकी झेलणे' हा आपल्याकडचा अपवाद आहे, पण तो इतका किळसवाणा आहे की थट्टेत वापरता येत नाही.) हरभऱ्याच्या झाडाच्या जवळचा कँटोनीज प्रयोग 'ताय कोऊ मोऊ' हा आहे. त्याचा अर्थ उंच टोपी घालणे असा असून तो साऱ्या चीनमध्ये चालतो. त्यावर एक जुना चिनी विनोद आहे. परगावी अधिकारी म्हणून निघालेला शिष्य गुरूंचा निरोप घ्यायला जातो. गुरू म्हणतात, सांभाळून राहा. शिष्य म्हणतो, काळजी नसावी, मी १०० उंच टोप्या तयार ठेवल्या आहेत, भेटेल त्याला एकेक घालीन. गुरू संतापतात: आपण सचोटीने वागणारी माणसे, असले प्रकार कशाला? शिष्य नम्रपणे म्हणतो, खरे आहे, पण उंच टोपी न आवडणारे आपल्यासारखे या जगात कितीसे असणार? गुरू प्रसन्न होऊन मान डोलावतात. बाहेर पडल्यावर शिष्य सोबत्याला सांगतो, 'आता ९९ उरल्या.'

प्रश्न: मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. हाँगकाँगच्या वृत्तपत्रांवरील एका व्याख्यानात, बातमीच्या वेशात छापलेल्या जाहिरातीला तेथे 'वाम माशाचा मजकूर' म्हणतात, असा उल्लेख आला आणि वक्ते पुढे गेले. माशाचा येथे काय संबंध? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: संबंध अगदी खराखुरा आहे. शब्द आहे 'सिन कोऊ': 'सिन' म्हणजे सापासारखा लांब असणारा वाम मासा आणि 'कोऊ' म्हणजे छापायला दिलेला मजकूर. यातील वाम कोणताही नव्हे, तर 'फा कम सिन', म्हणजे अंगावर नक्षीसारखे ठिपके असलेला प्रचंड वाम. हा मासा दोन मीटरपर्यंत वाढतो. त्याचे जाड गोल तुकडे करून, अख्ख्या लसणाच्या पाकळ्या आणि भाजलेले डुकराचे मांस घालून ते मंद आचेवर शिजवतात. एवढा मोठा मासा एकट्यादुकट्या गिऱ्हाइकासाठी कापणे परवडत नाही, त्यामुळे तो कापण्याआधी गिऱ्हाइके जमवावी लागतात.

शब्दाच्या जन्माची हाँगकाँगमध्ये सांगितली जाणारी हकिकत अशी: तेथील एक उपाहारगृह असा वाम हाती लागला की, अमुक दिवशी भला मोठा वाम कापला जाणार आहे, असा मजकूर लिहून वृत्तपत्रांकडे धाडत असे. संपादकाच्या टेबलावर रात्री पान लावताना कोपऱ्यात चार ओळींची जागा रिकामी उरली, की हा आयता मजकूर तेथे बसवला जाई. उपाहारगृहाला गिऱ्हाइके मिळत, वृत्तपत्राला भराव मिळे, आणि वाचकाला आपण बातमी वाचली असे वाटे. हळूहळू अशा प्रत्येक मजकुराला, त्यात मासा असो वा नसो, वामाचे नाव चिकटले. आज तेथे नव्या फोनचे, त्वचेच्या मलमाचे किंवा गृहसंकुलाचे गोडवे गाणारी 'बातमी' वाचून जाणता वाचक 'सिन कोऊ' म्हणतो आणि पान उलटतो. वाम बुळबुळीत असतो आणि हातातून निसटतो म्हणून हा शब्द आला, असा तर्क परक्याला सहज सुचतो. मलाही सुचला होता. पण वर सांगितलेली हकिकत त्याहून साधी आहे आणि म्हणूनच मला ती अधिक पटते.

विद्यार्थी म्हणून एक फरक ध्यानात घ्या. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आपल्याकडे 'पेड न्यूज' हा शब्द गाजला, त्यात पैशाच्या देवघेवीवर बोट आहे. 'सिन कोऊ' या शब्दाच्या मुळाशी पैसा नाही, आळस आहे: कुणीतरी लिहून दिले, जागा रिकामी होती, छापून टाकले. आजच्या व्यवहारात अशा मजकुरासाठी पैसेही मोजले जातात आणि तरीही त्याला हेच नाव आहे, पण मूळ चित्रात लाच दिसत नाही, दिसतो तो झोपाळू उपसंपादक. कोणता रोग अधिक जुना आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रात काम करू लागलात की ठरवा.

याच घरातला दुसरा शब्द 'मुय' हा आहे. रस्त्यावरचा औषधविक्या बाटली उंचावून गर्दीला गुण सांगतो, आणि गर्दीतलाच एक माणूस पुढे येऊन 'माझी कंबर याच औषधाने बरी झाली' असे सांगत दोन बाटल्या घेतो. तो माणूस विक्रेत्याचाच असतो, तो 'मुय'. मूळ चिनी शब्दाचा अर्थ लग्न जुळवणारा मध्यस्थ असा आहे. मुलाचा पगार थोडा वाढवून आणि मुलीचे वय थोडे घटवून सांगणारे मध्यस्थ आपल्याकडेही कुणाला अपरिचित नाहीत, त्यामुळे विक्रेत्याच्या हस्तकाला हाच शब्द का लागला, हे समजावून सांगण्याची गरज नसावी. हल्ली एखाद्या उपाहारगृहाविषयी एकाच दिवशी २० जणांनी एकाच शब्दांत पाच तारे दिलेले दिसले, तरी तेथील लोक 'मुय' म्हणूनच सोडून देतात.

प्रश्न: मी अनुवादक आहे. चित्रपट, फोन, घरे यांच्याविषयी उठवल्या जाणाऱ्या गाजावाजाला, म्हणजे 'हाइप'ला, कँटोनीजमध्ये एखादा नेमका शब्द आहे का? (एक वाचक, दादर)

उत्तर: एकच असा नाही. आपल्या 'हवा करणे'ला मात्र चांगला जोडीदार आहे, फक्त तेथे हवेऐवजी पाणी आहे. 'छोय सोय' म्हणजे पाणी फुंकणे. मित्रांनी चहाच्या टेबलावर तासभर गप्पा हाणणे, हाही याचा निरुपद्रवी अर्थ आहे, आणि बढाया मारणे हाही. बढायांचा कळस गाठणाऱ्याविषयी 'छोय सोय म मात चोय' असे म्हणतात: पाणी फुंकतो आणि वर तोंडही पुसत नाही. एखाद्या मालाची तारीफ अशी फुंकली, की तो 'थिन स्योंग यऊ, तेय हा मोऊ', म्हणजे स्वर्गात असेल तर असेल, पृथ्वीवर नाही, या कोटीला जातो. स्वतःच्याच मालाची तारीफ करणाऱ्यासाठी 'माय फा चान फा ह्योंग' ही म्हण आहे: फुले विकणारा फुलांचा वास वाखाणतो. आपली टिमकी आपणच वाजवण्यापेक्षा ही म्हण सौम्य आहे, कारण फुलवाल्याने दुसरे करावे तरी काय?

पाण्याचे सर्वांत चपखल उदाहरण घरांचे आहे. सुके मशरूम पाण्यात भिजवले की फुगून दुप्पट दिसतात. त्या फुगण्याला 'फात सोय' म्हणतात. बाल्कनी, क्लब हाऊस, खिडकीचा पुढे काढलेला ओटा असे सगळे क्षेत्रफळात धरून फुगवलेल्या घरांना हाँगकाँगकरांनी 'फात सोय लऊ', म्हणजे पाण्यात भिजवून फुगवलेली इमारत, असे नाव दिले. पुढे कायदा आला आणि २९ एप्रिल २०१३ पासून नव्या घरांच्या विक्रीत केवळ प्रत्यक्ष वापराचे क्षेत्रफळ सांगणे बंधनकारक झाले. मुंबईत 'सुपर बिल्ट-अप'चे आकडे वाचून फ्लॅट पाहायला गेलेल्या आणि आत शिरल्यावर पलंग कुठे ठेवायचा या विवंचनेत पडलेल्या वाचकांना हा शब्द वापरायला माझी हरकत नाही. आपल्याकडे कार्पेट क्षेत्रफळाचा नियम लागू होऊन काही वर्षे झाली, पण जाहिरातीतली हिरवळ अजून भिजवलेलीच असते.

दुसरा शब्द तोफेचा. 'छे ताय फाऊ' म्हणजे थापा मारणे; 'ताय फाऊ' म्हणजे मोठी तोफ. चिनी प्रजासत्ताकाचे पहिले हंगामी अध्यक्ष डॉ. सन यत सेन (१८६६-१९२५) हे कँटोनीज बोलणाऱ्या क्वांगतुंग प्रांतातले, आणि त्यांचे जगाला ठाऊक असलेले नाव हा मुळात कँटोनीज उच्चारच आहे. विरोधकांनी त्यांना 'सन तोफ' असे टोपणनाव दिले होते. १९१२ साली त्यांनी १० वर्षांत २ लाख ली, म्हणजे सुमारे १ लाख किलोमीटर, रेल्वेमार्ग टाकण्याची योजना जाहीर केली. तेव्हा ऐकणाऱ्यांना ती तोफच वाटली असणार. चीनच्या रेल्वेने १ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला तो २०१३ च्या सुमारास. आवाज शंभर वर्षे आधी आला आणि गोळा मागून पोचला. थाप आणि स्वप्न यांच्यासाठी अनुवादकाने एकच शब्द वापरू नये तो यासाठी.

तुमच्या उपयोगाचा आणखी एक छोटा शब्द म्हणजे 'कुक'. त्यात दाबून फुगवण्याचा, जोर लावून वर काढण्याचा भाव आहे. एखाद्या कलाकाराची लोकप्रियता किंवा मालाचा खप मुद्दाम वाढवणे यासाठी तो वापरतात. जाहिरात कंपनीच्या संदर्भात हा घ्या, गप्पिष्ट काकांच्या संदर्भात 'छोय सोय' घ्या.

प्रश्न: माझे वडील बोटीवर नोकरीला होते. हाँगकाँगचे लोक बडेजाव करणाऱ्याला 'पा पै' म्हणतात आणि तो शब्द आपल्या 'बाप रे'वरून गेला आहे, असे ते सांगत. यात तथ्य आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तुमच्या वडिलांनी शब्द अगदी बरोबर ऐकला होता. 'पा पै' म्हणजे मोठा थाटाचा, भारी, मिरवणारा. 'होऊ पा पै' हे वरवर 'केवढे भारी!' असे कौतुक असते आणि बहुतेक वेळा त्यात 'एवढे काय त्यात?' असा चिमटा असतो. मागे एका ओळखीच्यांनी नव्या गाडीचे वर्णन सुरू केले तेव्हा त्यांच्या पत्नीने हे दोन शब्द उच्चारले आणि वर्णन तेथेच थांबले.

व्युत्पत्तीचे प्रकरण मात्र गमतीचे आहे. 'बाप रे' या उद्गारावरून इंग्रजांनी भारतात 'बॉबरी' असा शब्द केला, त्याचा अर्थ गोंगाट, आरडाओरडा. १८८६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या नामांकित कोशात हा शब्द आहे, आणि तो चीनच्या बंदरांतील मोडक्या इंग्रजीतही वापरला जातो, अशी नोंदही आहे. त्याच नोंदीत कोशकार थोड्या तिरकसपणे सांगतात की, या शब्दाचे चिनी मूळही अर्थातच शोधून काढलेले आहे, आणि ते म्हणजे कँटोनीजमधील 'गोंगाट' या अर्थाचा 'पा-पि'. म्हणजे 'बाप रे' कँटनला (आजच्या क्वांगचौ शहरात) गेला, असे सांगणारे आहेत आणि कँटनचा शब्द इंग्रजीत शिरला, असे सांगणारेही होते. शब्द जाण्याची वाट तर होतीच: १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी समुद्री व्यापार एकट्या कँटन बंदरातून चाले, मुंबईहून तेथे कापूस आणि अफू जाई, जमशेटजी जीजीभाईंसारखे व्यापारी स्वतः तेथवर प्रवास करून आले होते, आणि बोटींवर कोकणातले खलाशी होते. मात्र वाट होती म्हणून शब्द त्याच वाटेने गेला, असे सिद्ध होत नाही. वडिलांची गोष्ट नातवंडांना जरूर सांगा, फक्त 'असे म्हणतात' हे दोन शब्द जोडून.

प्रश्न: इतके सगळे खोट्या कौतुकाचे शब्द आहेत, तर हे लोक खरे कौतुक करतात तरी कसे? (एक वाचक, सांगली)

उत्तर: कमी शब्दांत आणि बहुधा नकारार्थी. 'थान' म्हणजे दोष काढणे, आणि 'मोऊ तक थान', म्हणजे दोष काढायला जागा नाही, ही मोठी पावती समजली जाते. तोंडावर कौतुक झाले, तर ऐकणाऱ्याने 'क्वो च्योंग', म्हणजे 'फारच जास्त बोललात', असे म्हणून ते अर्धे परत करायचे असते. 'नेय लेक साय', म्हणजे 'सगळी हुशारी तुझ्यातच', असे कुणी म्हणाले, तर मात्र परत करण्यासारखे त्यात काही नाही. तो टोमणा आहे.

गोडाच्या पदार्थाला मिळणारी सर्वांत वरची पावती 'म वुय थाय थिम' ही आहे. तिचा अर्थ 'फार गोड नाही' एवढाच. हाँगकाँगमधल्या माझ्या शेजारी एक आजी राहत. मला पाहिले की 'लेंग नोय' म्हणत, आणि ती हाक मी कधी मनावर घेतली नाही. एका होळीला मी त्यांना पुरणपोळी नेऊन दिली. त्यांनी दारातच उभ्या राहून एक तुकडा तोडला, बराच वेळ चावला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'म वुय थाय थिम.' त्या पुरणात मी डाळीइतकाच गूळ घातला होता.